खाडीचा वाटाड्या

मुलांनो, 'तंगूस' हा शब्द तुम्ही कधी ऐकलाय? मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं, तर अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, मुंगूस!" कोकणातली मुलं मात्र आता हसत असतील. तंगूस म्हणजे गळाला बांधतात तो नायलॉनचा पारदर्शक दोरा. लाकडाच्या तुकड्यावर नाहीतर रिकाम्या बाटलीवर तो गुंडाळायचा. टोकाला गळ, त्याच्या थोडं वर शिशाचा तुकडा, गळाला सोललेली कोळंबी, आणि द्यायचा सोडून पाण्यात. काठी नाही, चक्री नाही. दोरा तर्जनीवरून जाऊ द्यायचा आणि गप्प बसायचं. मासा एकदम गिळत नाही बरं का, आधी चाखून बघतो. तेव्हा बोटावर अगदी हलकं टुकटुक होतं. आपण श्वास रोखून धरतो. आणि मग बसते एक ओढ! ती थेट खांद्यापर्यंत जाते.

आम्ही सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागातली माणसं. गावाला एक पाझर तलाव आहे, तोही फेब्रुवारीनंतर लाजून आत आत जातो. त्यामुळे समुद्र म्हणजे आमच्यासाठी सहल, आणि सहल म्हटलं की आमच्या घरातल्या पोरांचा एकच हट्ट. होडीत बसून मासे पकडायचे! पण आपण घाटावरचे लोक. भरती कधी, ओहोटी कधी, वाळू कुठं वर आलेली, यातलं आपल्याला काय कळतं? म्हणजे कुणीतरी जाणता माणूस बरोबर हवा. हल्ली त्याला 'गाइड' म्हणतात. मी आपली 'वाटाड्या' म्हणते. असा वाटाड्या निवडताना आम्ही एकदा चांगलेच फसलो आणि एकदा नाही. दोन्ही वेळचं सांगते.

पहिल्या वेळी लेक तिसरीत होती. दिवाळीची सुट्टी. भाऊबीज उरकली आणि आम्ही कोकण गाठलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. किनाऱ्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच एक तरुण पुढं आला. हातात मोबाइल, मोबाइलवर हे एवढाले मासे धरलेल्या लोकांचे फोटो. "शंभर टक्के मासा! नाही मिळाला तर पैसे परत!" आमचे हे खूश. भाचा तर उड्याच मारायला लागला. मी विचारलं, "लाईफ जॅकेट आहेत ना?" तो म्हणाला, "आहेत की. पण बाई, खाडी आहे ही, काही होत नाही."

'काही होत नाही.' हे तीन शब्द लक्षात ठेवा.

होडीत आम्ही पाच, आणखी एक चौघांचं कुटुंब, आणि तो. जॅकेटं निघाली दोन, फळीखाली पाण्यात भिजून गार झालेली, दोन्ही मोठ्या माणसांची. सकाळी नऊला निघालो. खाडी सुंदर होती, हे कबूल करते. दोन्ही काठांना कांदळवन, डोक्यावर घारी, पाणी आरशासारखं. तासाभरात लेकीच्या गळाला मासा लागला! तिनं आनंदानं ओरडत तो वर ओढला आणि होडीत पडल्या पडल्या दोन्ही हातांनी गच्च धरला.

तो शिंगाळा होता. काही ठिकाणी त्याला शेंगटी म्हणतात. मिशा असलेला, खवले नसलेला, गुळगुळीत अंगाचा मासा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात. करवतीच्या दात्यांचे, आणि विषारी. त्यातला एक लेकीच्या तळहातात घुसला. ती किंचाळली तो आवाज मला आजही आठवतो. वाटाड्यानं मासा फेकून दिला, हसून म्हणाला, "काही होत नाही, थोडं दुखेल." पाच मिनिटांत तिचा हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता होडी मागं घे. त्यानं वळवली, आणि दोनशे-तीनशे हात गेलो असू नसू, तोच खालून खर्रर्र असा आवाज झाला. होडी वाळूत रुतली होती.

त्यानं ढकलून पाहिलं. आमचे हे आणि तो दुसरा गृहस्थ गुडघाभर पाण्यात उतरले. होडी हलेना. पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. शेवटी तो वाटाड्या फळीवर बसला आणि म्हणाला, "आता भरती लागेपर्यंत थांबायला लागेल."

दोन तास आणि वर थोडा वेळ आम्ही तिथं होतो. डोक्यावर ऊन, प्यायला एक बाटली पाणी, सासूबाईंच्या मांडीवर रडून रडून थकलेली पोर, आणि काठ असा समोर दिसत होता. मध्ये चिखल. एवढं जवळ दिसणारं माणसांचं गाव एवढं लांब असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं गावातल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली असेल? हात गरम पाण्यात बुडवून ठेवायला लावला. पोळेल असं नव्हे, सोसेल इतपत गरम, आणि ते आधी मोठ्या माणसानं आपला हात घालून तपासलेलं. या माशांचं विष उष्णतेनं निकामी होतं. त्यामुळे वेदना झपाट्यानं उतरतात. मग त्यांनी काट्याचं टोक आत मोडून राहिलंय का ते बघितलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. लेक दोन दिवसांत बरी झाली. पण होडीचं नाव काढलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. आमच्या तलावावरच्या तराफ्यावरसुद्धा बसेना.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, पाऊणकीचा पाढा आला म्हणजे झालं. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. पौर्णिमा म्हणजे १५. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात ओढतात. मग भरती बेताची, ओहोटीही बेताची. त्याला भांग म्हणतात. बंदरातल्या छापील कोष्टकाइतकं हे नेमकं नसतं, पाव-अर्धा तास इकडंतिकडं होतंच, पण सहलीला चालतं.

आमच्या त्या दिवशी षष्ठी होती. सहा पाऊणे साडेचार. पहाटे साडेचारला भरती, म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आणि आम्ही निघालो कधी? नऊला! उतरत्या पाण्यात, वाळूच्या खाडीत. कॅलेंडर तर आमच्या स्वयंपाकघरातच लटकत होतं. एकानंही वर मान करून बघितलं नाही. मी शिक्षिका असून!

दोन वर्षं गेली. लेक पाचवीत आली. डिसेंबरात सुट्ट्या जोडून आल्या आणि घरात मालवणचा विषय निघाला. भाच्यानं भीतभीत "मासे..." एवढाच शब्द उच्चारला. सगळ्यांनी लेकीकडं बघितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मी येईन. पण माणूस मी निवडणार."

आमचे हे हसायला लागले. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. लेकीनं जुन्या वहीचं शेवटचं पान काढलं आणि प्रश्न लिहायला घेतले. एक भाच्यानं सुचवला, एक सासूबाईंनी. मला कुणी विचारलंच नाही.

राधानगरी, दाजीपूर करत आमची एसटी फोंडाघाट उतरली आणि कणकवलीवरून संध्याकाळी आम्ही मालवणात. सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी तुम्ही शाळेत वाचलंच आहे. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला. तो बघायला एक अख्खा दिवस ठेवा, घाईनं बघू नका. आज मात्र मी तुम्हाला तिथं नेत नाही, त्याच्या अलीकडं किनाऱ्यावर नेते. संध्याकाळी होड्या परत आल्या की इथं मासळीचा लिलाव होतो. टोपल्या, बर्फ, ओरडाआरडा, मांजरं, कावळे, नुसती धमाल! लेक त्या गर्दीत एका मासे विकणाऱ्या मावशींपुढं जाऊन उभी राहिली आणि वहीतला पहिला प्रश्न वाचला. "तुमच्या नातवाला मासे पकडायला पाठवायचं असेल, तर कुणाच्या होडीतून पाठवाल?"

हा प्रश्न सासूबाईंचा. आमच्या दोन डी.एड., बी.एड. झालेल्या डोक्यांतून तो निघाला नसता.

मावशी आधी हसल्या, मग विचारात पडल्या. "माझो नातू? तो देवबागच्या तांडेलाबरोबर जातलो. पण तो कोणाक पटकन नेणा नाय हां!" तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. कुणालाही पटकन नेत नाही, अशी शिफारस मी पहिल्यांदाच ऐकली.

देवबाग मालवणपासून दहा-बारा किलोमीटर. नकाशात बघा, जमिनीची एक लांबट चिंचोळी जीभ दिसेल. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. काही ठिकाणी तर इकडच्या लाटेचा आवाज ऐकत पाच मिनिटं चाललं की तिकडचं शांत पाणी. जिभेच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडं भोगवे. संगमाजवळ वाळूची बेटं आहेत. त्यातल्या एकाला लोक सुनामी बेट म्हणतात.

तांडेलांकडं जायच्या आधी वाटेत दोघं भेटलेच. पहिल्यानं मोबाइल काढला, "शंभर टक्के..." म्हणाला आणि लेक पुढं चालायला लागली. दुसरा बरा वाटला. होडी स्वच्छ, जॅकेटं नवी कोरी, केशरी. लेकीनं एक अंगात घातलं, भाच्याला म्हणाली, "खांद्याशी धरून वर ओढ." भाच्यानं ओढलं, तर जॅकेट थेट तिच्या कानांच्या वर! पाण्यात पडली असती तर जॅकेट वर आणि पोर खाली. हे मी नव्हतं शिकवलं. कुठल्या तरी पुस्तकात तिनंच वाचलं होतं. तुम्हीही असंच करून बघा. पट्टे आवळून, खांद्याशी धरून वर ओढलं तरी हनुवटीच्या वर जायला नको. तो माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "लहान मुलांची नाहीत माझ्याकडं, परवापर्यंत आणतो." मला त्यालाच ठरवावंसं वाटत होतं. पण परवा आम्हाला परतायचं होतं.

तांडेलकाका माडाखाली बसून जाळं सांधत होते. वय साठीच्या पुढं, केस पांढरे, बोटं मात्र झरझर चाललेली. मान वर न करताच म्हणाले, "खंयसून इलात?" आम्ही गाव सांगितलं. मग लेकीनं वही उघडायच्या आधी त्यांनीच आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली! पोरांका पवाक येता? म्हणजे पोहता येतं का? होडी लागते का कुणाला? औषधं चालू आहेत का? आजींच्या गुडघ्यांचं काय? याआधी होडीत बसला होतात का? शेवटच्या प्रश्नाला कुणीच बोलेना. लेकीनं आपला तळहात पुढं केला. तिथं अजून एक बारीक पांढरा ठिपका आहे. काकांनी तो बघितला, सुई खाली ठेवली.

"शेंगटी?"

तिनं मान हलवली.

"बरा. आता तू इचार, काय इचारतंस ता."

तिनं पान वाचायला घेतलं. होडीत किती माणसं घेता? सहा, त्यात मी आणि माझा पुतण्या. म्हणजे आमच्यातले चौघंच. लहान मुलांची जॅकेटं? त्यांनी घरातून आणली, उन्हानं रंग उडालेली, पण पट्टे घट्ट. ओढून बघितली, हनुवटीखालीच राहिली. काटा लागला तर काय करता? त्यांनी होडीतला डबा दाखवला. पक्कड, कात्री, पट्ट्या, आणि एक मोठा थर्मास. थर्मासात काय? "गरम पाणी." लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघत होते, कारण माझे डोळे भरून आले होते.

कुठं गळ टाकणार, हा प्रश्न भाच्याचा. तो वाटतो तेवढा साधा नाही. मालवणजवळच्या समुद्राचा एक भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्गाभोवतालचे खडक आणि तिथली प्रवाळं त्यातच येतात. तिथं कुठंही जाऊन गळ टाकायचा नसतो. तसंच १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रावर चालणाऱ्या मासेमारी नौकांना समुद्रात बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस आणि पावसाळी दर्या, दोन्ही कारणांनी. जूनच्या सुट्टीत "चला, समुद्रात नेतो" म्हणणारा भेटला, तर तो काय दर्जाचा वाटाड्या, हे ओळखा. काका म्हणाले, आपण खाडीतच, कांदळाच्या कडेनं.

शेवटचा प्रश्न होता, मासा मिळाला नाही तर?

काका पहिल्यांदाच हसले. "मासो गावतलो काय नाय, ता मासोच ठरयतलो. मी तुमका पाण्यार नेतलंय नि परत हाडतलंय." नेईन आणि परत आणीन. मासा मिळेल की नाही ते मासाच ठरवील.

एवढं सगळं जुळलं आणि घोडं पेंडेला आलं वेळेवर. आमच्या यांना अकराची वेळ हवी होती. सकाळी आरामात उठावं, नाश्ता करावा. काका म्हणाले, "अकराक मी होडी काढूचंय नाय. सकाळी साडेसहाक येवा." यांचा आवाज जरा चढला. पैसे आम्ही देतोय, सुट्टी आमची आहे, वगैरे वगैरे. काका परत जाळं सांधायला लागले. तेवढ्यात लेक बोटं मोडत होती. "बाबा, उद्या एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला भरती. साडेसहाला निघालो तर चढत्या पाण्यात जाऊ आणि पाणी असेपर्यंत परत येऊ. अकराला निघालो तर..." पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. काका म्हणाले, "ह्या चेडवाक माझ्या होडयेर ठेवा!"

"एकादशी?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "अगंबाई! एकादशीला मासे मारायला?" त्यावर रात्री बराच वेळ चर्चा झाली. निर्णय असा झाला की पकडायला हरकत नाही, खायचे मात्र दुसऱ्या दिवशी. हे शास्त्र कुठल्या पोथीत आहे, मला विचारू नका. होडीत जागा चौघांचीच होती, आणि आम्ही होतो पाच. त्यामुळे भांडण झालंच असतं. पण सकाळी यांनीच सांगितलं, "आई, मुलं आणि तू जा, मी काठावर थांबतो." रागावून की मनापासून, मला नक्की कळलं नाही. निघता निघता काकाच म्हणाले, "तुमी येवा, पुतण्या आज ऱ्हवतलो." काठाच्या एवढ्या जवळ जायचं, तर वल्ही ते एकटेच सांभाळणार होते. माणसं मात्र सहाच. त्यावर सातवं नाही.

पहाटे थंडी होती. धुक्यातून खाडी हळूहळू उजाडली. काठ जवळ आल्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि वल्ही घेतली. आवाजानं मासे बुजतात म्हणून. कांदळाच्या मुळ्या पाण्यातून वर आलेल्या, त्यांच्यावर खंड्या बसलेला, ब्राह्मणी घार आपल्या तांबड्या पंखांनी संथ घिरट्या घालणारी. एक तास झाला तरी कुणाच्याही बोटाला टुकटुक नाही. सासूबाई शेंगदाणे खात होत्या. आमचे हे तर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागले.

मग भाच्याच्या दोऱ्याला ओढ बसली. वर आला एक ठिपकेदार, जाड ओठांचा मासा, आणि होडीत येताच तो फुग्यासारखा फुगला! केंड. घाबरला की पोटात पाणी किंवा हवा भरून घेतो, म्हणजे शत्रूला गिळता येऊ नये. काकांनी बजावून सांगितलं की हा खायचा नाही, याच्या अंगात विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. पक्कडीनं गळ काढून केंड परत पाण्यात. थोडा वेळ तो उलटा तरंगला, मग फुस्स करून पळाला.

त्यानंतर तांबोश्या लागायला लागल्या. पहिली वीतभरसुद्धा नव्हती. काकांनी भाच्याला ती हातात धरून बघू दिली आणि म्हणाले, "बारकी आसा, सोडून दी." भाच्याचं तोंड एवढंसं झालं. तांबोशीची पिल्लं खाडीत वाढतात, मोठी झाली की समुद्रात खडकांकडं जातात. तिथं अंडी घालतात. पिल्लू खाडीतच संपवलं तर पुढं कोण जाणार? २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय. त्याहून लहान मासा धरायचा नाही. काकांचं माप मात्र वीत हेच होतं, आणि ते त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं.

आणि मग लेकीचा दोरा ताणला गेला. तिनं हळूहळू ओढून घेतला. पाण्याखाली आधी मिशा दिसल्या. शिंगाळा.

होडीत कुणी बोलेना. लेकीनं दोरा सोडला नाही, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठायला गेले, तर काकांनी हातानंच मला खाली बसवलं. "भियां नको गो बाय. तेचे काटे खंय आसत ता बघ आधी." त्यांनी मासा तसाच लटकता ठेवून ओल्या फडक्यानं मागून धरला. पाठीवरचा काटा दाखवला, मग बाजूचे दोन. तिघांच्या मधून बोटं कुठून न्यायची, ते दाखवलं. पक्कडीनं गळ सोडवला. मग म्हणाले, ह्याचा बाप काय करतो ठाऊक आहे? आईनं अंडी घातली की बाप ती तोंडात घेतो. पिल्लं फुटून मोठी होईपर्यंत तोंडातच सांभाळतो, तोवर स्वतः उपाशी.

मी नंतर पुस्तकात बघितलं, खरंच आहे ते. समुद्रातल्या आणि खाडीतल्या शिंगाळ्यांचे नर असंच करतात.

"म्हणजे याचा उपास," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या एकादशीपेक्षा मोठा."

लेकीनं एक बोट पुढं केलं आणि त्याच्या पोटाला लावलं. गुळगुळीत, थंड. पुन्हा लावलं. मग ती म्हणाली, "सोडू या?" काकांनी फडकं तिच्या हाताशी आणलं, वर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून त्याला पाण्यात सोडलं.

परत फिरताना आमच्या यांनी विचारलंच. एवढं पाणी आहे, संगमापर्यंत जाऊन येऊ, हवे तर जास्त पैसे घ्या. काकांनी लांब बोट दाखवलं. खाडीच्या मुखाशी फेसाची एक पांढरी रेघ उमटत होती, पुसत होती. "थय पांढरा दिसता मां? ता पाणी न्हय, खाली वाळू आसा." ओहोटी लागली की नदीचं आणि भरतीचं मिळून सगळं पाणी बाहेर धावतं. समोरून समुद्राच्या लाटा आत येतात. दोन्ही उथळ वाळूवर आपटतात आणि लाटा उभ्या राहतात. लहान होडी तिथं आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही. काका वल्हं मारत राहिले. आमच्या शेजारून एक मोठी बोट आरडाओरडा करत तिकडंच गेली. आमचे हे तिच्याकडं बघत राहिले. खोटं कशाला सांगू, ती बोट अर्ध्या तासानं सुखरूप परत आली आणि तिच्यातली माणसं हसत होती.

आमच्या डब्यात दोन तांबोश्या आणि एक काळुंद्र होतं. काकांनी ठरलेलेच पैसे घेतले. मासे बर्फात ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तिरफळं घालून त्यांचं कालवण केलं, बरोबर सोलकढी. पाच माणसांत तीन मासे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं असेल ते तुम्हीच काढा. सासूबाई द्वादशीलाही जेवल्या नाहीत ते, त्यांनी नुसती सोलकढी घेतली.

लेकीची ती वही अजून आहे. येत्या सुट्टीत निवतीकडं जायचं घाटतंय आणि माणूस शोधायचं काम पुन्हा तिच्याकडंच आलंय. या वेळी यादीत दोन नवे प्रश्न आहेत. एक आमच्या यांचा, "तुम्ही कधी नाही म्हणता?" दुसरा भाच्याचा, "होडीत खायला काय असतं?" कुठला आधी विचारायचा, यावरून सध्या आमच्या घरात वाद चालू आहे.